घरी केलेलं कोलॉइडल सिल्व्हर काढ्यात घालून घेतलं तर चालतं का?

परळची_सून
नमस्कार मंडळी. घरात विचारायला गेलं तर कोणीतरी दुखावेल, म्हणून इथे विचारतेय.

सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत. थायरॉइडची गोळी बरीच वर्षं चालू आहे, बीपीचीही आहे. पावसाळा लागला की त्यांचा घसा धरतो आणि खोकला रेंगाळतो. काढा आमच्याकडे नेहमीच होतो: तुळस, आलं, गवती चहा, दोन-चार मिरीदाणे. खोकला फार असला तर ज्येष्ठमधाची कांडी आणि वरून चिमूटभर सैंधव.

माझे मोठे दीर मुलुंडला असतात. त्यांनी कुठेतरी वाचून घरीच चांदीचं पाणी, म्हणजे कोलॉइडल सिल्व्हर, करायला सुरुवात केली आहे. चांदीच्या दोन तारा पाण्यात सोडायच्या, अडॅप्टर लावायचा आणि थोड्या वेळाने काढायचा. ते बाटली भरून आणून देतात. आईंच्या काढ्यात रोज दोन मोठे चमचे घाल, म्हणतात. दोन्ही एकत्र घेतलं की गुण दुप्पट येतो असं त्यांचं म्हणणं. बाटलीतलं पाणी स्वच्छ दिसतं. काढ्यात घातल्यावर मात्र काढा गढूळतो आणि थोडा वेळ ठेवला तर रंग काळपट होतो.

दीर आईसाठी जीव टाकतात, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हे सुरक्षित आहे का? थायरॉइडच्या गोळीशी काही संबंध येतो का? जाणकारांनी कृपया सांगावं.

निसर्गवाट
ताई, घाबरू नका. मी करोनाच्या काळापासून घेतोय. घसा खवखवला की एक चमचा तोंडात धरून गिळायचा, माझा सर्दीचा त्रास खूप कमी झाला आहे. चांदी जंतू मारते हे आपल्या आजी-पणजीला माहीत होतं. लहान मुलांना चांदीच्या वाटीतून भरवायचे ते उगीच नाही. आयुष काढ्यात तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आहेच, त्यात हे घातलं तर बिघडलं कुठे? प्रमाण कमी ठेवा, दहा-पंधरा पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) वर जाऊ देऊ नका. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, त्यावर बघायचं.

रसायनवाला
सुनबाई, मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. तुम्ही गढूळ आणि काळपट म्हणालात, तिथूनच सुरुवात करतो. तुमचं निरीक्षण अचूक आहे आणि त्यातच निम्मं उत्तर आहे.

दोन तारांमधून वीज सोडली की धन टोकाची चांदी विरघळते. ती पाण्यात उतरते मुख्यतः आयनांच्या रूपात आणि थोडी अतिसूक्ष्म कणांच्या रूपात. आयन फार चटकन दुसऱ्यांशी बांधले जातात. तुम्ही काढ्यात सैंधव घालता, म्हणजे क्लोराइड आलं. चांदीचा आयन आणि क्लोराइड भेटले की सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. ते पांढरं असतं आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. गढूळपणा हा असा येतो. मीठ घातलं नाही तरी नळाच्या पाण्यात क्लोराइड असतंच, आणि पोटातलं आम्ल तर हायड्रोक्लोरिक आम्लच आहे. त्यामुळे बाटलीतली चांदी बाटलीतल्याच रूपात पोटापुढे जाईल ही कल्पना सोडून द्या.

दुसरी गोष्ट रंगाची. तुळस, चहा, आलं, दालचिनी यांत पॉलिफेनॉल असतात, ते चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन (याला क्षपण म्हणतात) धातूचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, तयार करतात. प्रयोगशाळेत नेमकं हेच मुद्दाम केलं जातं: तुळशीच्या पानांचा अर्क आणि सिल्व्हर नायट्रेट एकत्र केलं की द्रावण पिवळं आणि मग तपकिरी होतं. 'हरित संश्लेषण' या नावाखाली यावर ढिगाने शोधनिबंध आहेत. पण तिथे कणांचा आकार यंत्रावर मोजतात, तापमान आणि आम्लता सांभाळतात. तुमच्या स्वयंपाकघरात गाळलेल्या काढ्यात किती मोठे कण झाले, किती आयन उरले, किती तळाशी बसले हे कोणालाही सांगता येणार नाही. मला नाही, तुमच्या दिरांनाही नाही. 'गुण दुप्पट' म्हणणाऱ्याला कपात काय आहे हेच माहीत नसतं.

आता मात्रेचं. फॅरडेच्या नियमाने हिशेब करता येतो. १ मिलिअँपिअर प्रवाह १ तास वाहिला तर साधारण ४ मिलिग्रॅम चांदी विरघळते. पाणी पाव लिटर असेल तर १६ पीपीएम झाले. पण प्रवाह एका जागी राहत नाही. आयन वाढले की पाणी जास्त वीज वाहू देतं आणि प्रवाह चढत जातो. तारा जरा जवळ आल्या, पाणी कोमट असलं, कोणी फोनवर बोलत राहिलं आणि अर्धा तास वर गेला, की बाटली वेगळी. कालची आणि आजची बाटली सारखी नसते.

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. वाहकतेत न येणारे धातूचे कण त्याला कळत नाहीत. त्यावरचा आकडा म्हणजे चांदीचे पीपीएम नव्हेत. निसर्गवाट, तुम्ही ज्या आकड्यावर विसंबून आहात तो आकडा तुमच्याकडे नाहीच.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पोटात जाणाऱ्या चांदीसाठी धरलेली मर्यादा आहे वजनाच्या दर किलोमागे रोज ५ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ०.३ मिलिग्रॅम. दोन मोठे चमचे म्हणजे ३० मिली, आणि वरच्या १६ पीपीएमच्या बाटलीतून त्यात जवळजवळ ०.५ मिलिग्रॅम येते. प्रवाह तिप्पट झाला असेल तर दीड मिलिग्रॅमच्या घरात. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, चांदीची कमाल मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ते १६ पीपीएमचं पाणी त्या मर्यादेच्या १६० पट झालं.

झवेरी_बाजार
रसायनवाला सरांना एक जोड देतो. आमचा चांदीचा धंदा आहे म्हणून सांगतो. तारा कुठून घेतल्यात ते दिरांना नक्की विचारा. दागिन्याची चांदी मऊ पडू नये म्हणून तिच्यात तांबं मिसळतात. ९२५ टंच म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. लोक जुनी पैंजणं, लक्ष्मीचं नाणं, मोडक्या चमच्याचा दांडा असलं काहीही पाण्यात सोडतात. वीज लावली की तांबंही उतरतं. डाग दिलेल्या, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधलेल्या, जागी आणखी कुठले धातू असतील ते कारागीरच जाणे. पूर्वी डागात कॅडमियम सर्रास असायचं. दुकानात येऊन 'औषधाला तार द्या' म्हणणारे भेटतात, तेव्हा मी कशासाठी ते विचारतो आणि नाही म्हणतो.

निसर्गवाट
शुद्धतेचा मुद्दा मान्य, मी ९९९ चीच तार वापरतो. पण मग मिठाईवरचा वर्ख कसा चालतो? सरकारने परवानगी दिली आहेच ना? चांदीच्या वाटीचं काय? अंतराळ स्थानकात पिण्याच्या पाण्यातही चांदी वापरतात. भाजलेल्या जखमेवर डॉक्टर स्वतः चांदीचं मलम लावतात. सगळीकडे चालते आणि घरी केली की विष, हे मला पटत नाही.

ओवी_दादर
वाटीचं मलाही हवंय. बाळाचं उष्टावण पुढच्या महिन्यात आहे आणि माहेरून चांदीची वाटी-चमचा आला आहे. वापरू की नको?

रसायनवाला
ओवी, खुशाल वापरा. शुद्ध चांदीची असू दे, घासून स्वच्छ ठेवा. घट्ट धातू खिमटीत जेमतेम अंशमात्र विरघळतो. बाटलीत चांदी उतरते ती वीज लावून जबरदस्तीने उतरवलेली असते, हा सगळा फरक आहे.

निसर्गवाट, तुमचे प्रश्न रास्त आहेत म्हणून एकेक घेतो. वर्ख ९९९ शुद्धतेचाच हवा आणि तयार करताना प्राण्यांपासून मिळालेलं काही वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. तो अत्यंत पातळ असतो, काजूकतलीच्या तुकड्यावर चांदी नावापुरती येते, आणि आपण ती रोज सकाळ-संध्याकाळ औषध म्हणून खात नाही. अंतराळ स्थानकात चांदी अल्प मात्रेत असते, साठवलेल्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून. अंतराळवीरांचा खोकला बरा व्हावा म्हणून नाही. मलमातली सिल्व्हर सल्फाडायझिन जखमेवर, वरून लावायची असते. चांदीचा आयन जंतूच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतो आणि जंतूचं काम थांबवतो. रक्तात गेल्यावर त्याला आपलीच प्रथिनं समोर भेटतात, तो त्यांना चिकटतो. जंतूपर्यंत मोकळा पोचायला उरतोय कुठे? काचपात्रात जंतू मरतात हे खरं आहे. गिळल्यावर घशातला किंवा छातीतला आजार बरा होतो याला आधार नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच सांगितलं की कोलॉइडल चांदी असलेली, चिठ्ठीशिवाय विकली जाणारी औषधं सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत.

वैद्य_शिवडी
आयुर्वेदाच्या बाजूने लिहितो, कारण अशा चर्चेत लगेच 'आपल्याकडे रजत भस्म आहेच की' असं येतं. रजत भस्म म्हणजे चांदीचं पाणी नव्हे. आधी शोधन, मग मारण, पुटं देऊन पुन्हा पुन्हा भाजणं, मग भस्म नीट झालं का याच्या परीक्षा. एवढं झाल्यावरही ते रुग्ण पाहून, ठरावीक काळ, वैद्याच्या देखरेखीखालीच द्यायचं. अडॅप्टर लावून केलेल्या पाण्याला ग्रंथाचा आधार देऊ नका, ही कळकळीची विनंती आहे. आमच्याच शास्त्राची त्यात बदनामी होते.

आता काढा. परळच्या ताई, तुमचा काढा उत्तम आहे. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सांगितलेल्या काढ्याचं प्रमाण तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक असं होतं. तेही साधंच आहे. फक्त ज्येष्ठमध काढा. बीपीच्या माणसाने ज्येष्ठमध रोज घेऊ नये. त्यातल्या ग्लिसिरायझिनने शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. एखाद दिवस कांडी चघळली तर गोष्ट वेगळी. सैंधवही बीपीमुळे नकोच. सैंधव मीठच आहे, ते 'चालतं' हा गैरसमज घरोघरी आहे.

आणि कोणी गुळवेल घालायला सांगितली तर आधी विचारा. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं इथल्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की ती दिसायला तशीच असणारी दुसरी वेल असू शकते. वाद असेल तो असो. फुटपाथवरून घेतलेली वेल कुठली आहे हे ओळखता येत नसेल तर ती उकळून रोज पिऊ नये, यावर दोन्ही बाजूंचं एकमत व्हावं. वनस्पतीलाही मात्रा असते. वरळीच्या पोदार रुग्णालयाच्या ओपीडीत दाखवा, कागद घेऊन जा, गोळ्यांची नावं सांगा.

रात्रपाळी
परळच्याच एका रुग्णालयात नर्स आहे. ड्यूटीवरून आले आणि हा धागा वाचून झोप उडाली, म्हणून लिहून टाकते.

ताई, तुमच्या थायरॉइडच्या प्रश्नाचं उत्तर: हो, संबंध येतो. चांदी थायरॉक्सिनचं शोषण कमी करू शकते. गोळी पोटात जाते पण पुरती लागू पडत नाही. मग टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) चढतो, डॉक्टर डोस वाढवतात, आणि चांदी बंद झाली की तोच डोस जास्त होतो, धडधड सुरू होते. या वयात हृदयाला ते झेपत नाही. चांदीचं सोडा, काढासुद्धा गोळीबरोबर नको. गोळी उपाशी पोटी साध्या पाण्याबरोबर, आणि चहा-काढा-नाश्ता सगळं अर्धा ते एक तासानंतर. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती चार तास लांब.

दुसरं औषध फार कमी लोकांना सुचेल, पण मुंबईत महत्त्वाचं आहे. पावसात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलं की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा जंतूंचा ताप) होऊ नये म्हणून महापालिका २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यायला सांगते, ते बहुधा डॉक्सिसायक्लिन असतं. डॉक्सिसायक्लिन टेट्रासायक्लिन गटातलं. चांदी त्या गटाचं आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या क्विनोलोन गटाचंही शोषण कमी करू शकते. हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून आलेला माणूस घरी येऊन 'प्रतिकारशक्तीसाठी' चांदीचं पाणी आणि वरून ती गोळी घेणार, म्हणजे खरं संरक्षण देणारं औषधच लंगडं करणार. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

रंगाचंही सांगते. चांदी त्वचेत साठते, उजेडाने काळवंडते आणि माणूस निळसर-करडा दिसायला लागतो. याला अर्जिरिया म्हणतात. अमेरिकेत मोंटाना राज्यातले राजकारणी स्टॅन जोन्स १९९९ पासून घरी केलेलं चांदीचं पाणी प्यायचे. २००० साल उजाडताना संगणक कोलमडतील आणि अँटिबायोटिक्स मिळणार नाहीत, ही त्यांची भीती. ते निळसर झाले. पॉल कॅरसन नावाचे गृहस्थ हेच पाणी प्यायचे आणि चेहऱ्यालाही लावायचे, त्यांचा चेहरा तर गडद निळा झाला होता. हा रंग जात नाही. लेझरने काहींचा फिका झाल्याच्या नोंदी आहेत, पण शरीरातली चांदी काढून टाकेल असं औषध नाही. त्वचा सावळी असली तर सुरुवातीला लक्षातही येत नाही. हिरड्यांवर आणि नखांच्या मुळाशी निळसर-करडी झाक आली का ते दिवसाच्या उजेडात बघा.

जुलै-ऑगस्टमधला ताप किंवा लांबलेला खोकला घरी अंगावर काढू नका. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीची तपासणी. महापालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. सासूबाईंचा खोकला दरवर्षी रेंगाळतो म्हणताय, तर कोणी छाती तपासली आहे का? बीपीची गोळी कुठली आहे? एनालाप्रिल, रामिप्रिलसारख्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला धरतो. आधी ते बघा.

परळची_सून
सगळ्यांचे किती आभार मानू. आत्ताच गोळ्यांचं पाकीट पाहिलं, बीपीची गोळी रामिप्रिल आहे. हे कधी कोणी सांगितलंच नव्हतं. थायरॉइडची गोळी आणि काढा आई एकत्रच घेतात, सकाळी उठल्या-उठल्या. नखं पाहिली, मला तरी काही वेगळं दिसलं नाही.

दिरांना फोन केला. तार ९९९ ची आहे म्हणाले, पण पाणी इन्व्हर्टरमध्ये घालतात ते वापरतात. ते चालतं का? आणि त्यांना हे सांगू कसं? मी धाकटी, त्यात सून. त्यांना वाटेल मी औषधात दोष काढतेय.

रसायनवाला
बॅटरीचं पाणी पिण्यासाठी तयार होत नाही, भरलंही जात नाही त्या हेतूने. क्षार काढलेले असतात, पण डबा, नळी, साठवण यांची स्वच्छता पिण्याच्या दर्जाची असेल याची हमी कोण देणार? तेवढं एक कारणसुद्धा बाटली थांबवायला पुरेसं आहे.

आत्या_गिरगाव
अगं, तू सांगूच नकोस. सासूबाईंना घेऊन डॉक्टरकडे जा आणि त्या दिवशी दिरांनाच बरोबर ने. 'भाऊजी, तुम्हीच विचारा' म्हण. बाटलीही पिशवीत घे. डॉक्टरांनी थायरॉइडच्या गोळीचं कारण दिलं की कोणाचा मान जात नाही आणि बाटली आपोआप थांबते. तोवर आईंना सांग की गोळी नीट लागावी म्हणून काढ्यात सध्या काही घालत नाही. ते खरंच आहे, लपवाछपवी नाही. आणि दिरांना आईसाठी काहीतरी करायचंय ना, मग त्यांना आईंचा पावसाळ्यातला वाफारा, रविवारचा फेरा, तपासण्यांचे कागद सांभाळणं यातलं काम दे. आईसाठी करणाऱ्या माणसाच्या हातातून एक गोष्ट काढून घेतली तर दुसरी द्यावी लागते.

निसर्गवाट
मी अजूनही म्हणेन की मला स्वतःला त्रास झालेला नाही. पण थायरॉइड आणि लेप्टोच्या गोळीबद्दल वाचून ताईंच्या सासूबाईंना देऊ नये हे मला पटतं. मी माझ्या आईलाही थोडं देत होतो, तिला मधुमेह आहे. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आता देणार नाही.

रात्रपाळी
निसर्गवाट, आईंचं विचाराल तेव्हा स्वतःचंही सांगा. किती वर्षं, रोज किती, सगळं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) एकदा तपासून घ्या. अर्जिरिया दुखत नाही, म्हणून त्रास नाही याचा अर्थ साठत नाही असा होत नाही.

परळच्या ताई, रामिप्रिल मनाने बंद करू नका. डॉक्टर बदलून दुसऱ्या गटातली देतील. तो कोरडा खोकला गोळी थांबल्यावर बहुधा काही आठवड्यांत जातो, लगेच गेला नाही तर घाबरू नका. टीएसएच आत्ता एकदा करा आणि चांदी बंद करून, गोळी उपाशी पोटी सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा. त्याआधी केला तर आकडा फसवा येतो. डॉक्टरांना हे सांगायला विसरू नका की मधल्या काळात चांदीचं पाणी चालू होतं, नाहीतर ते डोस वाढवून बसतील.

परळची_सून
शनिवारची वेळ घेतली आहे. दीर बरोबर येतायत, त्यांनीच 'मी घेऊन जातो' म्हटलं. रिपोर्ट आले की इथे लिहीन.